पाहण्याची मुभा आणि वाटण्याचा हक्क

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा सारांश)



सार्वजनिक पैशातून झालेले संशोधन सर्वांना पाहता आले म्हणजे ते सर्वांचे झाले, असा आपल्यापैकी पुष्कळांचा समज असतो. तो भाबडा आहे. माहिती पाहू देणे वेगळे आणि ती पुढे वाटण्याची अनुमती देणे वेगळे. गावच्या विहिरीवर कोणीही पाणी प्यावे, मात्र घागर भरून शेजाऱ्याकडे नेऊ नये, असा नियम केला तर त्या विहिरीला सार्वजनिक कोण म्हणेल?

मानवी जनुकसंचाच्या वाचनाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. १९९६ साली बर्म्युडा येथे जमलेल्या शास्त्रज्ञांनी ठरवले की, वाचलेला क्रम शक्यतो २४ तासांच्या आत सर्वांना खुला करावा. जॉन सल्स्टन हे या निर्णयाचे प्रमुख पुरस्कर्ते होते. १९९८ साली सेलेरा ही खाजगी कंपनी याच कामात उतरली. ही खुली माहिती तिने आपल्या माहितीत मिसळली. त्यात गैर काहीच नव्हते, कारण ती सर्वांसाठीच होती. परंतु फेब्रुवारी २००१ मध्ये तिने आपला मसुदा प्रसिद्ध केला तो अटी घालून. विद्यापीठीय संशोधकांनी मर्यादित माहिती विनामूल्य घ्यावी, पण ती पुढे वाटणार नाही असे मान्य करावे. सार्वजनिक भांडारातून घेतलेले या कंपनीला चालले. त्या भांडारात भर घालणे मात्र तिला मंजूर नव्हते. पुढे २००५ साली तिने आपली माहिती खुली केली.

मग खुल्या माहितीभोवती आपणच कुंपण घालावे काय? तोही प्रयोग झाला. माणसामाणसांतील जनुकीय भेदांचा नकाशा करणारा 'हॅपमॅप' प्रकल्प २००२ साली सुरू झाला. त्याने परवान्यात अट घातली की, इतरांची वाट अडेल असे पेटंट कोणी घेऊ नये आणि हीच अट मान्य करणाऱ्यांनाच माहिती द्यावी. हेतू निर्मळ होता. परिणाम असा झाला की, ही माहिती अटीविना चालणाऱ्या सार्वजनिक भांडारांत ठेवताच येईना. अखेर डिसेंबर २००४ मध्ये ती अट मागे घेण्यात आली. राखणीसाठी घातलेले कुंपण मालकालाच अडवू लागले होते.

आपल्याकडे सरकारी कामाचा स्वामित्वहक्क सर्वसाधारणपणे सरकारकडेच राहतो. २०१२ साली माहिती खुली करण्याचे राष्ट्रीय धोरण आले आणि २०१७ साली त्यासाठीचा परवाना. स्रोताचा उल्लेख करून माहिती वापरावी, बदलावी, पुन्हा वाटावी, अशी मुभा तो देतो. मात्र या धोरणाखाली खुल्या केलेल्या माहितीपुरतीच. व्यक्तीची खाजगी माहिती त्यातून वगळली आहे, आणि ते योग्यच आहे.

म्हणून पावसाचे वा भूजलाचे आकडे पुस्तिकेत छापताना कार्यकर्त्याने दोन प्रश्न विचारावेत : ही माहिती कोणाच्या पैशातून जमली? आणि ती वाटण्याची अनुमती कोठे लिहिली आहे? ती लिहिलेली नसेल, तर ती लिहून मागणे हे आपले काम आहे. कोणाच्या मर्जीवर मिळालेली मुभा कधीही काढून घेता येते. लेखी हक्क काढून घ्यायचा तर त्याचे कारण द्यावे लागते.