शेत विकण्याआधी हिशेब मांडा



बारावीनंतर अब्बा म्हणाले होते, "शेत विकू, पण मोठ्या नावाच्या कॉलेजात घालू." मी नको म्हणालो. आज मुलाखती घेताना मी आधी उमेदवाराचं काम बघतो, कॉलेजचं नाव नंतर.

कळंबजवळच अवसरी खुर्दला २००९ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथली फी खासगीपेक्षा कमी, घरून ये-जा केली तर राहण्याचा खर्चही वाचतो. पुण्याच्या सीओईपीला नंबर लागला तर जरूर जा. पण मॅनेजमेंट कोट्यातून नाव विकत घेऊ नका. त्या प्रवेशाला सरकारी शुल्कसवलत मिळत नाही.

आणि मुलींचं शिक्षण खर्चापायी थांबवू नका. उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना कॅपमधून प्रवेश घेतल्यास २०२४ पासून शिक्षण शुल्क माफ आहे. दाखले आजच काढायला लागा.