चेंगडूचा झिणझिणता घास

चीनच्या सिचुआन प्रांतात, चेंगडू शहरात जेवायला बसलात, तर मापो तोफू जरूर मागवा. लालभडक तवंगात लुसलुशीत तोफूचे चौकोनी तुकडे आणि वर भुरभुरलेली तपकिरी पूड. घास आधी नुसता तिखट लागतो. मग ओठ झिणझिणतात, जीभ बधिर होते. घाबरू नका. ही करामत त्या पुडीची, ह्वाजाओची. कोकणात नि गोव्यात बांगड्याच्या आमटीत पडणारं तिरफळ हे याचंच भावंड! दोन्हींतली काळी बी काढून टाकतात, वापरतात ते वाळलेलं टरफल. मिरची तिथेही आपल्यासारखीच अमेरिका खंडातून आली. ह्वाजाओ मात्र त्याच्या कितीतरी आधीपासूनचा.

तोफू म्हणजे शाकाहारी, असं मात्र धरून चालू नका. मापो तोफूत बहुधा गोमांसाचा खिमा असतो. शाकाहारी मंडळींनी सरळ वनशू या बौद्ध मठातलं उपाहारगृह गाठावं.

युनेस्कोनं २०१० साली चेंगडूला खाद्यसंस्कृतीचं शहर म्हणून गौरवलं, ते अगदी रास्त आहे. आणि हो, तोंड पोळलं तर पाण्यामागे धावू नका. सोबतचा साधा भात खा.