स्वयंपाकाचा ओटा: ग्रॅनाइट की क्वार्ट्झ?
(प्रभाग संघाच्या मासिक सभेत केलेल्या मांडणीचा मजकूर)



घरकुल आणि घरदुरुस्तीसाठी कर्ज मागताना बऱ्याच जणी ‘स्वयंपाकाचा ओटा’ असा खर्च लिहितात. दुकानात आता ग्रॅनाइटच्या शेजारी क्वार्ट्झचाही नमुना दाखवतात. मग कोणता घ्यायचा? आज त्यावरच बोलू.

ग्रॅनाइट हा खाणीतून काढलेला दगड. कर्नाटक, तेलंगणा, आंध्र, राजस्थान इकडून तो येतो. क्वार्ट्झची लादी मात्र कारखान्यात बनते. त्यात साधारण ९० टक्के गारगोटीचा चुरा असतो आणि तो घट्ट धरून ठेवायला रेझिन नावाचं रसायन घालतात. सगळा फरक या रेझिनमुळे पडतो.

आता आपल्या कामाला लावून बघा. आपण भाकरीचा तवा उतरवला की थेट ओट्यावर ठेवतो. ग्रॅनाइट ते सोसतो. क्वार्ट्झमधलं रेझिन साधारण १५० अंशांच्या पुढे करपायला लागतं, आणि तो डाग निघत नाही. खिडकीतून रोज ऊन पडत असेल तर रंगही बदलतो. क्वार्ट्झचा मोठा गुण म्हणजे तेल-पाणी आत मुरत नाही. पण गडद, घट्ट दाण्याचा ग्रॅनाइट घेतला तर तिथेही डागाची फार काळजी नाही. शिवाय क्वार्ट्झ साध्या ग्रॅनाइटपेक्षा बराच महाग. म्हणून आपल्यासाठी माझं मत ग्रॅनाइटला.

पैसे कमी असतील तर कडप्पा आहेच. तो चुनखडीचा दगड. लिंबू, चिंच, कोकम सांडलं आणि लगेच पुसलं नाही, तर चमक जाते. पण ओटा म्हणून टिकतो.

घेताना चार गोष्टी बघा.

१. लादीवर पाण्याचे थेंब टाकून दहा-पंधरा मिनिटं थांबा. खालचा दगड काळपट झाला तर तो पाणी पितो. दुसरा दाखवायला सांगा.

२. काळ्या ग्रॅनाइटला कधी कधी वरून रंग चोळलेला असतो. नेलपॉलिश काढायचं औषध पांढऱ्या फडक्यावर घेऊन घासा. फडकं काळं झालं तर घेऊ नका.

३. माप स्वतः काढा. ८ फूट लांब, २ फूट रुंद म्हणजे १६ चौरस फूट. पुढची पट्टी, कडेची गोलाई, सिंकचं भोक आणि मजुरी यांचा भाव वेगळा लागतो. सगळं आधी कागदावर लिहून घ्या.

४. ओट्याची उंची मिस्त्री ठरवणार नाही, आपण ठरवायची. सरळ उभं राहून हात कोपरात वाका. कोपराच्या चार ते सहा इंच खाली ओटा यावा. ओट्यावर परात ठेवून भाकरी थापत असाल तर आणखी थोडा खाली. दगड बदलता येईल, पण दुखणारी पाठ नाही बदलता येत.

आता एक गोष्ट जास्त महत्त्वाची. आपल्यापैकी काहींचे नवरे, भाऊ, मुलं फरशी कापायचं काम करतात. दगड कोरडा कापला की जी बारीक धूळ उडते, तिच्यात सिलिका असते. ती फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. तो पूर्ण बरा होत नाही. क्वार्ट्झमध्ये सिलिका ग्रॅनाइटपेक्षा खूप जास्त. म्हणूनच ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा कारखान्यातल्या लाद्यांवर बंदी घातली. ग्रॅनाइटची धूळही निर्धोक नाही. तेव्हा दगड कोणताही असो, पाणी सोडूनच कापायला सांगा. कटाई घराबाहेर व्हावी, पोरं लांब ठेवा. नुसता रुमाल बांधून ही धूळ अडत नाही, चांगला मास्क लागतो. घरचा माणूस या कामात असेल आणि खोकला, दम लागत असेल, तर त्याला दवाखान्यात न्या आणि काम काय करतो ते डॉक्टरांना सांगा.

शेवटी हिशोब. दिसायला भारी म्हणून १०,००० रुपये जास्त उचलले, तर महिना २ टक्क्यांनी पहिल्या महिन्याचं व्याजच २०० रुपये. तेवढ्यात घरातलं काय काय भागतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आणि दुकानात घरच्या पुरुषांबरोबर तुम्हीही जा. कर्जाच्या कागदावर सही तुमची आहे. ओट्यापाशी रोज उभ्याही तुम्हीच राहणार आहात.