सामायिक संगणक व विद्यार्थ्यांचा पेन ड्राइव्ह



सामायिक संगणक कोल्हापूर जिल्ह्यास नवा नाही. १९९८ साली वारणानगर परिसरातील सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याची योजना सुरू झाली आणि केंद्रातील एकच यंत्र अनेकांच्या उपयोगी पडू लागले. शाळेतील संगणकही असाच सर्वांचा असतो. म्हणून विद्यार्थ्यांस मर्यादित खाते द्यावे व प्रशासक खात्याचा पासवर्ड जबाबदार शिक्षकापाशी असावा, हे योग्यच होय.

परंतु मर्यादा म्हणजे मनाई नव्हे. ज्याच्या घरी संगणक नाही, त्या मुलाचा पेन ड्राइव्ह हीच त्याची वही होय. तो लावू न दिल्यास त्याचे लेखन शाळेच्या यंत्रातच अडकते, आणि यंत्र बिघडल्यास श्रम वाया जातात. मर्यादित खात्यातून पेन ड्राइव्हवरील फाइल उघडता व साठविता येते. साऱ्या यंत्रासाठी नवा प्रोग्राम मात्र बसविता येत नाही.

धोका आहे, हे खरे. २००८ साली प्रकटलेला कॉन्फिकर व्हायरस ऑटोरनच्या सोयीचा गैरफायदा घेऊन पेन ड्राइव्हमधूनही पसरला. २०११ साली मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजमधील पेन ड्राइव्हपुरती ती सोय बंद करणारी सुधारणा पाठविली. तथापि मर्यादित खात्यातही व्हायरस त्या विद्यार्थ्याच्या फाइली बिघडवू शकतो. यास्तव पेन ड्राइव्ह लावताच अँटिव्हायरसने तपासावा, काढण्यापूर्वी ‘इजेक्ट’ करावा आणि महत्त्वाच्या फाइलीची दुसरी प्रत ठेवावी. विद्यार्थ्यांच्या माहितीचा शालेय पेन ड्राइव्ह मात्र निराळाच असावा.

एवढी शिस्त लावल्यास यंत्रही सुरक्षित राहील आणि मुलाचे काम त्याच्यासंगे घरी जाईल.