चाकांवरचे घर आणि नीलगिरीचा घाट

(मंडळाच्या सांस्कृतिक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



कार्यकारिणीने मला सांगितले, "राव, तुम्ही त्या घरासारख्या गाडीतून उटीला जाऊन आलात, त्यावर वीस मिनिटे बोला." मी रेल्वेतला डिप्लोमावाला इंजिनिअर. रूळ, स्लीपर, खडी आणि उतार याच्यापलीकडे मला फार बोलता येत नाही. पण हा प्रवास मुळात उताराचाच होता, म्हणून होकार दिला.

प्रथम गाडीविषयी. परदेशात ज्याला मोटरहोम म्हणतात आणि आपल्याकडे कॅरॅव्हॅन म्हणतात, ती ही गाडी. टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली. आत समोरासमोर दोन बाक, रात्री फळ्या ओढल्या की त्यांचे पलंग होतात. दोन शेगड्यांचा ओटा, लहान फ्रिज, इन्व्हर्टर, पाण्याची टाकी आणि मागच्या कोपऱ्यात कमोडची छोटी खोली. महाराष्ट्र आणि केरळ या दोन्ही राज्यांनी २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाची धोरणे जाहीर केली, तेव्हापासून अशा गाड्या भाड्याने मिळणे थोडे सोपे झाले आहे.

ही गाडी घेण्याचे कारण हौस नव्हे. माझी आई शहात्तर वर्षांची. दोन्ही गुडघे धरलेले. वडील गेल्यापासून तिने मिरज सोडून आमच्याकडे मुक्काम केला, पण घराबाहेर पडायचे नाव काढीना. देवाला चल म्हटले तर पहिला प्रश्न, "तिथे बाथरूम कसले आहे?" हॉटेलचे जिने आणि रस्त्यातली स्वच्छतागृहे या दोन गोष्टींनी आपल्या कितीतरी वडीलधाऱ्यांचा प्रवास संपवून टाकला आहे. घरच सोबत नेले तर आई येईल, एवढाच हिशेब होता. शिवाय खात्यातले एक तरुण सहकारी आणि त्यांची पत्नी सोबत आली. ड्रायव्हर अण्णा मदुरैकडचे, घाटातले मुरलेले.

२०२४ च्या ११ ऑक्टोबरला आयुधपूजा झाली. रविवारी, १३ तारखेला सकाळी, चाकाखाली लिंबे चिरडून आम्ही ओरत्तनाडु सोडले. आपला हा मुलूख कसा आहे ते आपण जाणताच. कल्लणैचा कालवा, भातखाचरे, नारळ, आणि नजर जाईल तिथपर्यंत सपाट. इथे सायकलवाल्यालाही ब्रेक फक्त म्हशीसाठी लागतो. तंजावूर, तिरुचिरापल्ली, करूर, कोयंबतूर करत संध्याकाळी मेट्टुपाळयम गाठले. एका पेट्रोल पंपाच्या आवारात परवानगी काढून मुक्काम केला. आईने गाडीतच पिठले-भात केला आणि जाहीर केले, "स्वयंपाकघर लहान आहे, पण सगळं हाताशी आहे."

दुसऱ्या दिवशी कुन्नूरचा घाट. ई-पास आधीच काढला होता. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मे २०२४ पासून नीलगिरीत शिरायला तो लागू झाला. घाटात चौदा मोठी वळणे आहेत. सुपारीच्या बागा मागे पडतात, मग जंगल, मग चहाचे मळे, आणि हवा एकदम बदलते. पण माझे लक्ष बाजूच्या रुळांकडे होते. नीलगिरीची डोंगरी रेल्वे म्हणजे आम्हा लोकांचे तीर्थक्षेत्र! १८९९ साली ती कुन्नूरपर्यंत पोहोचली आणि १९०८ साली उटीपर्यंत. २००५ साली युनेस्कोने तिला जागतिक वारसा म्हणून मान दिला. मेट्टुपाळयम समुद्रसपाटीपासून सुमारे ३२६ मीटरवर आणि उटी सुमारे २२०० मीटरवर. जवळजवळ ४६ किलोमीटरच्या मार्गात २०८ वळणे, १६ बोगदे आणि २५० पूल आहेत.

आपल्या तिरुचिरापल्लीजवळच्या पोन्मलै कारखान्याने या गाडीसाठी अलीकडच्या काळात नवी वाफेची इंजिने बांधली, हे इथल्या तरुणांना ठाऊक नसेल. आपल्या दारातले काम आहे, अभिमान बाळगावा.

कल्लार ते कुन्नूर या टप्प्यात चढ बारास एक इतका आहे. म्हणजे बारा मीटर पुढे गेले की एक मीटर वर. नुसत्या चाकांना तो झेपत नाही, म्हणून दोन रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी बसवली आहे आणि इंजिनाचे दातेरी चाक तिच्यात अडकत जाते. मात्र खरी गंमत पुढेच आहे. चढताना इंजिन गाडीच्या मागे असते, ढकलत जाते. उतरताना तेच इंजिन पुढे असते. म्हणजे इंजिन नेहमी दरीच्या बाजूला. डबे सुटले तरी ते इंजिनावर येऊन टेकावेत, अशी ही व्यवस्था. त्यावर प्रत्येक डब्याला स्वतंत्र ब्रेकवाला असतो. दातेरी टप्प्यात वेग ताशी १३ किलोमीटरच्या आसपास. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या इंजिनिअरांना हे पक्के कळले होते की डोंगरात चढणे ही ताकदीची गोष्ट आहे आणि उतरणे ही अकलेची.

कुन्नूरला एक दिवस आणि उटीला एक दिवस राहिलो. उटीची १८४८ सालची बाग पाहिली, केत्तीच्या खोऱ्यातली गाजर-बटाट्याची शेते पाहिली. शरद ऋतू म्हटला की थंड देशांत झाडांची पाने लाल-पिवळी होऊन गळतात, कॅलेंडरवर आपण ते पाहतो. नीलगिरीत तसे काही होत नाही. इथला शरद म्हणजे दुपारी बारापर्यंत स्वच्छ निळे आकाश आणि दोननंतर दरीतून वर चढणारे ढग. नीलकुरिंजीचे सार्वत्रिक फुलणे २०१८ साली झाले, आता २०३० ची वाट पाहायची. आई म्हणाली, "तोवर मला कोण थांबायला सांगतंय?" आम्ही सगळे हसलो, पण सुनेने तिचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.

याच ऋतूत या डोंगराची दुसरी बाजूही असते. ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबरात सुरू होतो आणि तो कुन्नूर-कोटगिरीच्या पूर्व उतारावर जोर धरतो. नोव्हेंबर २००९ मध्ये अशाच पावसात दरडी कोसळून नीलगिरीत चाळीसहून अधिक माणसे गेली. डोंगरी रेल्वेही या दिवसांत दरडींमुळे वरचेवर बंद ठेवावी लागते.

१६ तारखेला कोजागिरी. सकाळी उटीत आमच्या तरुण मित्रांनी सुचवले की कल्हट्टीच्या घाटाने मसिनगुडीला उतरू आणि हत्ती पाहू. त्या घाटात थोड्या अंतरात ३६ वळणे आहेत आणि उतार फार तीव्र आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये बाहेरगावची एक गाडी तिथे दरीत कोसळली आणि दोन दिवस कोणाला पत्ताही लागला नाही. त्यानंतर बाहेरच्या गाड्यांना त्या रस्त्याने खाली उतरण्यावर बंदी आली. तेव्हा तो विषय संपला आणि आम्ही कोटगिरीमार्गे परतीला निघालो. विचार असा की संध्याकाळपर्यंत मेट्टुपाळयमला उतरायचे.

कोटगिरीला पोहोचायला साडेचार झाले. पाऊस बारीक, धुके दाट. आणि शेवटच्या उतारावर मला लायनर तापल्याचा वास आला. अण्णांनीही ओळखला. ते काही बोलले नाहीत, फक्त गाडी बाजूला घेतली.

मित्र म्हणाले, "साहेब, तेहेतीस-चौतीस किलोमीटरच तर आहेत. तासाभरात खाली. परवा ड्यूटी आहे."

मी त्यांना हिशेब मांडून दाखवला, तोच आपल्यापुढे मांडतो. कोटगिरीची उंची सुमारे १८०० मीटर. मेट्टुपाळयमपर्यंत उतार जवळजवळ दीड किलोमीटर उभा. आमची गाडी माणसे, पाणी, सिलिंडर धरून साडेचार टनांची. एवढे वजन एवढ्या उंचीवरून खाली आणताना जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात दोनशे लिटर पाणी उकळेल. ही सगळी उष्णता जाणार कुठे? इंजिनाने अडवून धरली नाही, तर चार चाकांच्या ब्रेकमध्ये. लायनर तापले की त्यांची पकड कमी होते, ब्रेकचे तेल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे धरतात आणि पायाखालचे पेडल पोकळ होते. काही जण डिझेल वाचवायला न्यूट्रल करून, इंजिन बंद करून उतरतात. त्यांनी हे ध्यानात ठेवावे की इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदतही बंद होते.

मित्रांना हिशेब पटला, पण मन मानत नव्हते. निकाल आईने दिला. "उद्या सकाळी गेलो तर डोंगर काय पळून जाणार आहे?"

आता प्रश्न मुक्कामाचा. हॉटेलांत सोय होती, पण जिने होते, आणि आमची गाडी उभी करायला सपाट जागा कुठेच नव्हती. घर सोबत होते, पण घर ठेवायला अंगण नव्हते! टाकीतले पाणी संपत आलेले, बॅटरी उतरलेली. स्वतःचे सगळे सोबत घेऊन निघालेला माणूस दोन दिवसांत किती परावलंबी होतो, ते त्या अर्ध्या तासात कळले. शेवटी चहाच्या एका लहान कारखान्याच्या फाटकाशी थांबलो. मालक बडगा समाजाचे वयस्कर गृहस्थ. आमचे तमिळ चाचपडत चाललेले ऐकून आई पुढे झाली आणि सरळ कानडीत बोलू लागली. मिरजेची ती, कानडी तिला शेजारधर्माने आलेले. बडगांची बोली कानडीच्या जवळची. दोघांना एकमेकांचे निम्मे कळत होते आणि तेवढे पुरे झाले. फाटक उघडले, सपाट जागा मिळाली, विजेची वायर जोडून मिळाली, टाकी भरून मिळाली. रात्री आईने केशर-वेलदोड्याचे दूध आटवले आणि त्यांच्या घरातल्या सात माणसांना दिले. नऊच्या सुमाराला ढग फाटले आणि पाऊण तास चंद्र दिसला. ओल्या चहाच्या मळ्यांवरचे ते चांदणे मी शब्दांत सांगू शकत नाही, तो माझा प्रांत नव्हे. सकाळी पैसे देऊ केले तर त्या गृहस्थांनी हात जोडले.

सकाळी दुसऱ्या गिअरमध्ये, दोनदा थांबून चाके निववत, दोन तासांत आम्ही सुखरूप खाली आलो.

मंडळी, परतताना माझ्या मनात आपलेच गाव होते. आपल्या सरफोजी महाराजांनी १८२० ते १८२२ या काळात काशीयात्रा केली. सुमारे तीन हजार माणसांचा लवाजमा, तंबू, स्वयंपाकी, सगळे घर चालते केलेले. राजाला ते शक्य होते. पण ज्याच्यामागे लवाजमा नाही अशा यात्रेकरूचे काय, याचा विचार तंजावूरच्या राजघराण्याने त्याआधीच केला होता. रामेश्वरच्या वाटेवर छत्रे बांधली. आपल्या ओरत्तनाडुचे मुक्तांबाळ छत्र त्यांतलेच. येता-जाता आपण पाहतो, तिथे घोडे-हत्ती जुंपलेला रथ बांधकामातच साकारला आहे. महाराजांनी १८०१ साली रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात छत्रांची रीत सांगितली आहे. येईल त्याला जेवण, आजाऱ्याला औषध आणि वैद्य, बाळंतिणीची सोय, वाटेत कोणी दगावला तर त्याच्या रीतीप्रमाणे अंत्यविधी. मध्यरात्री घंटा वाजवून कोणी उपाशी राहिले आहे का, तेही पाहत. प्रवाशाने सगळे सोबत आणावे अशी अपेक्षाच नव्हती. त्याने फक्त पोहोचावे, पुढचे आम्ही पाहू, ही वृत्ती होती.

कोटगिरीच्या त्या गृहस्थांनी छत्र हा शब्दही ऐकला नसेल, पण आम्हाला मिळाले ते छत्रच.

म्हणून तीन गोष्टी सुचवून आपली रजा घेतो. पहिली, घरातल्या गुडघेदुखीवाल्या वडीलधाऱ्यांना आता बाहेर काढा. चार-पाच कुटुंबांनी मिळून अशी गाडी घेतली तर खर्च झेपतो. दुसरी, घाटात जाणाऱ्या प्रत्येकाने दोन नियम पाळावेत. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, आणि दुपारी चारनंतर उतरायला सुरुवात करू नका. ड्यूटी चुकली तर रजेचा अर्ज करता येतो. तिसरी, आपल्यापैकी ज्यांच्या अंगणात गाडीपुरती सपाट जागा, नळ आणि विजेचा प्लग आहे, त्यांनी आपली नावे मंडळाच्या वहीत लिहून द्यावीत. रामेश्वरला जाणारे मराठी प्रवासी या भागातून आजही जातात. त्यांना एका रात्रीचा आसरा देणे आपल्याला जड नाही. माझे नाव मी पहिले लिहून ठेवले आहे, आणि वहीत अजून पुष्कळ पाने कोरी आहेत.

गणपती बाप्पा मोरया!