बहात्तराव्या हिश्श्याचें विमान

प्लास्टिकचे सुटे भाग जोडून चिमुकलें विमान करीत बसणें हा पोरखेळ आहे, अशी समजूत पुष्कळ सुशिक्षित घरांतून अद्यापि आढळते. ती कितपत खरी आहे हें नाशिकच्या एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या हकीकतीवरून श्रोत्यांनींच ठरवावें. ता. २६ सप्टेंबर २०२५ रोजीं चंदीगड येथें मिग-२१ ह्या लढाऊ जेट विमानानें भारतीय वायुदलाचा निरोप घेतला. १९६३ सालीं तें वायुदलांत आलें होतें. म्हणजे चाकरी बासष्ट वर्षांची झाली. निरोपाचा समारंभ दूरदर्शनवर चालला असतां ह्या विद्यार्थ्याचे आजोबा खुर्चींत ताठ बसून होते. नाशिकजवळ ओझर येथील ज्या कारखान्यांत हीं विमानें परवान्यानें बांधलीं गेलीं, तेथेंच त्यांची सारी नोकरी झालेली. आणि त्यांचें काम चाकांचें, म्हणजे विमान ज्या पायांवर उतरतें ते पाय बसविण्याचें. समारंभ संपला तेव्हां ते एवढेंच म्हणाले, “आपल्याकडे आतां उडणारें एकहि राहिलें नाहीं.” नातवानें त्याच आठवड्यांत मिग-२१ चा एक संच मागविला. त्यापूर्वीं त्यानें एकहि प्रतिकृति बांधलेली नव्हती, आणि पहिलीच प्रतिकृति ज्यांच्यापुढें ठेवावयाची त्यांनीं खरें विमान हातांनीं बांधलेलें होतें.

संच एकास बहात्तर ह्या प्रमाणाचा होता. हा आंकडा चमत्कारिक वाटतो, परंतु त्याचा उगम साधा आहे. सहा फुटांचे इंच बहात्तर. म्हणून ह्या प्रमाणांत सहा फूट उंचीचा माणूस बरोबर एक इंच भरतो. इंग्लंडांत १९३२ सालीं ‘स्कायबर्ड्स’ नांवाचे लांकडी संच ह्याच प्रमाणांत निघाले, व १९३६ सालीं ‘फ्रॉग’ च्या ‘पेंग्विन’ मालिकेनें तें प्लास्टिकमध्यें आणलें. १९४२ सालीं तर अमेरिकेच्या नौदलानें आपल्या शाळाशाळांतील विद्यार्थ्यांकडून ह्याच प्रमाणाचीं पांच लाख लांकडी विमानें मागितलीं. आकाशांतील नुसत्या आकृतीवरून शत्रूचें विमान कोणतें आणि आपलें कोणतें हें ओळखण्यास सैनिकांना शिकवावें, हा त्यांतील हेतु. पोरखेळ म्हणणाऱ्यांनीं एवढी एक गोष्ट विसरूं नये. असो. मिग-२१ च्या पंखांचा विस्तार सुमारें ७.१५ मीटर, बहात्तरानें भागल्यास तो दहा सेंटिमीटरांहून किंचित् कमी येतो.

खोकें घरीं आलें आणि पहिली अडचण तें उघडण्यापूर्वींच उभी राहिली. आजोबांनीं वरचें चित्र निरखून पाहिलें व म्हटलें, “हें बिस. हें मागून आलें. आमच्या हातचें पहिलें तें एफएल.” मिग-२१ हें एका विमानाचें नांव नसून एका कुळाचें नांव आहे, आणि ओझरास त्यांतील एफएल, एम व बिस असे तीन प्रकार झाले. एफएलची पाठ सडपातळ, पुढील दोघांची भरलेली. हवेचा वेग मोजणारी जी लांब दांडी नाकापुढें निघते ती एफएलमध्यें वर मधोमध असे, पुढें ती उजव्या अंगास सरकली. वैमानिकाच्या डोक्यावरील काचेचें झांकण एफएलमध्यें पुढच्या बिजागरीवर उचललें जाई, पुढील प्रकारांत तें उजवीकडे कलूं लागलें. एफएलच्या पोटांत तोफही नसे. जरूर तर ती वेगळ्या पेटींतून पोटाखालीं टांगीत. हीं एफएल विमानें २०१३ च्या डिसेंबरांतच निवृत्त झालीं. संच बदलून आणण्यांत तीन आठवडे गेले, पण ते व्यर्थ गेले असें म्हणतां येणार नाहीं. ज्यानें कोणत्या विमानाची प्रतिकृति करावयाची हेंच ठरविलेलें नाहीं, त्याचें पुढील सारें कौशल्य वायां जातें.

पंख्याच्या जुन्या विमानापेक्षां जेट विमानाची प्रतिकृति नवशिक्यास सोपी वाटते, कारण पंख्याचें पातें नाहीं, तारा नाहींत, खांब नाहींत. वस्तुतः जेट विमान म्हणजे दोन्ही टोकांनीं उघडी असलेली एक नळी होय. पुढून पाहणाऱ्याची दृष्टि हवा आंत घेणाऱ्या तोंडांत शिरते, मागून पाहणाऱ्याची धुरांड्यांत. त्या नळीच्या आंतील सांधा घासून, रंगवून घ्यावयाचा तो धड मिटविण्यापूर्वीं. नंतर तेथें बोट पोंचत नाहीं. जोडणीचा जो पातळ द्रव असतो तो डिंकासारखा दोन वस्तूंच्या मध्यें बसत नाहीं, तो प्लास्टिकच वितळवितो आणि दोन अर्धे एकजीव करतो. चूक झाली तर उकलण्याची सोय नाहीं.

ह्या विद्यार्थ्यानें अकरा दिवस वैमानिकाच्या बैठकीवर घालविले. पट्टे कापले, मोजमापांच्या तबकड्यांवर सुईच्या टोकानें पांढरे ठिपके दिले. काम खरोखर सुरेख उतरलें. मात्र वर झांकण बसल्यावर त्यांतील निम्मेंही दिसेनासें झालें. मग उत्साहाच्या भरांत त्यानें धडाचे दोन्ही अर्धे जोडले, पंख लावले, पाय लावले, आणि विमान टेबलावर ठेवतांच तें शेपटीवर बसलें. नाक वर, चाक अधांतरीं.

“आजोबा, हें असें मागें कां बसतें?”

“नाक हलकें राहिलें तुझें. खऱ्या नाकांत रडार असतें, यंत्रें असतात. तुझ्या नाकांत काय आहे?”

नाकांत अर्थात् हवा होती. खऱ्या विमानांत इंजिन मागें असलें तरी पुढील यंत्रसामग्री, वैमानिक, इंधन ह्यांची वांटणी अशी केलेली असते कीं, भार मुख्य चाकांच्या पुढें पडावा. प्लास्टिकच्या विमानांत मात्र जेथें प्लास्टिक अधिक तेथें भार अधिक. आणि तें अधिक असतें पंखांच्या मागच्या भागांत व शेपटींत. धड नुसतें चिकटपट्टीनें बांधून, पाय तात्पुरते अडकवून, तें तोल धरतें कीं नाहीं हें आधीं पाहावयास हवें होतें. नाकांत घालावयाचें वजन त्याच वेळीं ठरतें. सुदैवानें तोंडांतील शंकु अद्याप चिकटविला नव्हता. मासे धरण्याच्या गळास लावतात त्या शिशाच्या गोळ्या आणून त्यानें शंकूच्या पोकळींत व त्यामागें मावतील तितक्या भरल्या, वर सरस ओतला. दुसऱ्या दिवशीं विमान तीन चाकांवर उभें राहिलें. आजोबा हंसले नाहींत. त्यांनीं बोटानें शेपूट किंचित् दाबून सोडली आणि नाक खालीं येतें कीं नाहीं तेवढें पाहिलें.

पंखांविषयीं एकच गोष्ट. मिग-२१ चे त्रिकोणी पंख आडवे सरळ नसतात, टोकांकडे ते दोन अंशांनीं खालीं झुकलेले असतात. दोन अंश म्हणजे कांहींच नव्हे असें वाटतें, परंतु पंख सरळ बसले तर समोरून पाहतांच विमान परकें दिसतें. पुठ्ठ्याचा सांचा कापून, सांधा वाळेपर्यंत पंख त्यावर टेकवून ठेवणें हा उपाय स्वस्त आणि खात्रीचा आहे.

आतां बारकाव्यांकडे वळावें, कारण नवशिके ह्याच ठिकाणीं बिघडतात. संचाच्या पृष्ठभागावर पत्र्यांचे सांधे दाखविणाऱ्या रेघा कोरलेल्या असतात. समजा, रेघ एक-पंचमांश मिलिमीटर रुंद आहे. बहात्तरानें गुणल्यास ती चौदा मिलिमीटरांहून अधिक होते. एवढ्या फटींत करंगळी शिरेल. ध्वनीहून दुप्पट वेगाच्या जवळ जाणाऱ्या विमानाच्या अंगावर अशी फट कोण ठेवील? तरीहि पुष्कळ जण ह्या रेघा काळ्या रंगानें भरतात, आणि विमान जाळीदार खिडकीसारखें दिसूं लागतें. ह्या विद्यार्थ्यानेंहि एका पंखावर तसेंच केलें होतें. तो पंख आणि दुसरा पंख शेजारीं ठेवून पाहिल्यावर त्यानें तो रंग पुसून काढला व पातळ राखी रंगाची नुसती छटा रेघांत सोडली. उलट जेथें बारकावा हवा तेथें लोक आळस करतात. पंखाची मागील कड संचांत अर्धा मिलिमीटर जाड आली, तर खऱ्या मापानें ती ३६ मिलिमीटर होते. खरी कड पातळ असते. आंतल्या बाजूनें ती पॉलिश कागदावर घासून पातळ करण्यास एक संध्याकाळ लागते आणि त्या एका संध्याकाळीनें विमानाचें रूप पालटतें. नाकावरील दांडीचेंही तसेंच. प्लास्टिकची दांडी जाड असते, शिवाय पहिल्याच धक्क्यास मोडते. इंजेक्शनच्या बारीक सुईचा टोक छाटलेला तुकडा तेथें शोभतो.

एफएल विमानें प्रारंभीं उघड्या धातूच्या रुपेरी अंगानें उडत. रुपेरी रंग हा चुगलखोर रंग आहे. खालचा प्रत्येक ओरखडा तो वर सांगतो, म्हणून घासणें मनासारखें झाल्यावांचून तो देऊं नये. सगळें विमान एकाच रुप्यानें माखणें हेंही बरें नव्हे. पत्र्यापत्र्यांत किंचित् फरक असतो, आणि इंजिनाच्या उष्णतेनें शेपटीकडील भाग काळवंडतो. नाकांतील शंकु व उभ्या शेपटीचें टोक तर धातूचें नसतेंच, कारण धातूंतून रडारच्या व बिनतारी लहरी आरपार जात नाहींत. त्यांना रुपेरी रंग देणारा मनुष्य विमान ओळखत नाहीं एवढेंच सिद्ध होतें. मुंबई-कोंकणांतील हौशी मंडळींनीं आषाढ-श्रावणांत हा उद्योग करूं नये. दमट हवेंत लॅकरवर पांढुरकी साय धरते. केशरी, पांढऱ्या व हिरव्या वर्तुळाचे ठसे पाण्यांत भिजवून लावावयाचे ते आधीं चकचकीत वार्निश देऊन. खडबडीत रंगावर लावल्यास खालीं हवा अडकून ते चंदेरी दिसतात. काचेच्या झांकणास मात्र तो वितळविणारा द्रव लावूं नये, काच आंधळी होते. त्यास साधा पांढरा सरस पुरतो.

सर्वांत शेवटीं विद्यार्थ्यानें पायांना हात घातला. ह्या भागाचें त्याला भय होतें, आणि तें साहजिक होतें. छायाचित्रांत चाकाकडे जाणारी ब्रेकची नळी दिसत होती. निकामी झालेल्या कर्णयंत्राच्या दोरींतून त्यानें तांब्याची केसासारखी तार काढली, काळी रंगविली आणि पायाला वरपासून खालपर्यंत घट्ट चिकटविली. काम नीटस दिसत होतें. आजोबांनीं विमान उलटें करून उजेडाकडे धरलें, बहिर्गोल भिंग मागितलें आणि बराच वेळ पाहिलें.

“नळी चिकटवून टाकलीस होय रे?”

“कां, सरळ नाहीं का बसली?”

“सरळ बसली हीच चूक. विमान उतरतें तेव्हां पाय आंत दबतो. नळीला वांकायला जागा नको का? ताणलेली नळी पहिल्याच उतरणीला तुटेल.”

“पण हें थोडेंच उतरणार आहे, आजोबा!”

“तें खरें. पण बघणाऱ्याला वाटलें पाहिजे कीं, उतरलें तर तुटणार नाहीं.”

दोन्ही तारा त्याच रात्रीं निघाल्या. नव्या तारांना मध्यें किंचित् झोळ दिला, वरचें व खालचें टोक तेवढें चिकटविलें. हा झोळ मिलिमीटरभरही नाहीं आणि भिंगावांचून दिसत नाहीं. विमान आतां त्यांच्या बैठकीच्या खोलींत दूरदर्शन-संचाशेजारीं उभें आहे. पाहुणे येतात ते बहुधा बैठकींतील पट्ट्यांविषयीं विचारतात. आजोबा विमान उचलून प्रथम उलटें करतात.