आपल्या अंगणात कोणाचं नेट धावतं?

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयकांनी केलेलं बोलणं. त्या दिवशी ज्या गटांना येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



आज कर्ज, व्याज, वसुली यातलं काही नाही. आज मोबाईलच्या रेंजबद्दल बोलायचंय. हसू नका. गावागावांत फिरताना माझ्या कानावर ज्या तक्रारी येतात त्यात "ॲप फिरतच राहतं", "फोटो जात नाही", "ओटीपी उशिरा आला" ह्याच जास्त असतात. आणि घरातलं कोणीतरी लगेच सांगतं, फोन जुना झालाय, नवा घे. दहा-बारा हजारांचा खर्च. त्यासाठी गटातून अंतर्गत कर्ज मागणाऱ्याही आहेत. माझं म्हणणं असं की फोन बदलायच्या आधी सिमकडे बघा, आणि सिम बदलायच्या आधी मोजून बघा.

मोजून का? कारण नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय, म्हणजे पोर्ट, आपल्या देशात 20 जानेवारी 2011 पासून सगळीकडे आहे. पण एकदा नवीन कंपनीत गेलात की 90 दिवस तिथून हलता येत नाही. तीन महिने! बाजारात छत्री लावून बसलेला मुलगा म्हणाला म्हणून सिम घेतलं आणि घरी आल्यावर रेंज नाही, तर तीन मासिक बैठका होईपर्यंत तेच सिम घेऊन बसावं लागतं. त्या मुलाला प्रत्येक सिममागे कमिशन असतं. त्याची चूक नाही, त्याचं पोट आहे ते. पण तुमच्या वाडीत रेंज येते का, हे त्याला कुठून माहीत असणार?

आता आधी फोन. आपल्याकडे फोन वेगळा आणि सिम वेगळं, त्यामुळे हातात आहे तोच फोन बहुतेक वेळा कोणत्याही कंपनीच्या सिमवर चालतो. थोडे अपवाद लक्षात ठेवा. जिओफोन किंवा जिओभारत असेल तर त्यात जिओचंच सिम चालतं. उलट जुना टूजीचा बटणांचा फोन असेल तर त्यात जिओ चालणार नाही, कारण त्यांचं नेटवर्क फोरजीपासून पुढचंच आहे. आणि फोन फोरजीचा असेल तर फाइव्हजीची जाहिरात आपल्यासाठी नाही. टॉवर फाइव्हजीचा आला तरी आपला फोन फोरजीच पकडणार.

कोणी जुना फोन विकत घेत असेल तर अजून एक. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असं दाबलं की फोनचा पंधरा आकडी नंबर दिसतो. इंग्रजीत केवायएम ही तीन अक्षरं, एक जागा सोडून तो पंधरा आकडी नंबर, आणि मेसेज 14422 वर. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला आहे का ते कळतं. पैसे द्यायच्या आधी बघा, नंतर नाही.

आता स्पीड. जाहिरातीत जो मोठा आकडा असतो तो डाऊनलोडचा. म्हणजे तिकडून आपल्याकडे येणारं. सिनेमा, गाणी, रील. पण आपलं काम बघा ना. सीआरपी ताई लोकोसवर नोंदी भरतात, कर्ज प्रस्तावाच्या कागदांचे फोटो पाठवायचे असतात, पापड-मसाल्याचे फोटो गिऱ्हाइकाला टाकायचे असतात. हे सगळं इकडून तिकडे जाणारं. त्याला अपलोड म्हणतात. अपलोड बहुतेक वेळा डाऊनलोडपेक्षा कमी असतं, आणि त्याची जाहिरात कोणी करत नाही.

स्पीड एमबीपीएसमध्ये मोजतात. फोटो एमबीमध्ये मोजतात. ही दोन मापं वेगळी आहेत, जसं पायली आणि शेर. एक एमबी पाठवायला आठ मेगाबिट लागतात. म्हणजे चार एमबीचा एक फोटो झाला बत्तीस मेगाबिट. अपलोड अर्धा एमबीपीएस असेल तर तो जायला 64 सेकंद लागतात. अपलोड चार असेल तर आठ सेकंद. आता प्रस्तावाचे पंधरा फोटो धरा. एकीकडे दोन मिनिटं, दुसरीकडे सोळा मिनिटं. आणि मधे रेंज तुटली तर बऱ्याचदा पहिल्यापासून.

मोजायचं कसं? ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, सरकारी संस्था आहे. त्यांचं मायस्पीड नावाचं फुकट ॲप प्ले स्टोअरवर आहे. बटण दाबलं की डाऊनलोड, अपलोड आणि सिग्नल तिन्ही दाखवतं. वायफाय बंद करा. दोन सिम असतील तर ज्याचं मोजायचं त्याच्यावर डेटा लावा. चाचणीला डेटा खर्च होतो, त्यामुळे उगाच दहा-दहा वेळा दाबत बसू नका. आणि दिवसाचा डेटा संपल्यावर मोजू नका. तेव्हा बहुतेक पॅकमध्ये स्पीड 64 केबीपीएसवर येतो. त्या स्पीडने वरचा तोच एक फोटो जायला आठ मिनिटांच्या वर लागतील, आणि आपण उगाच टॉवरला शिव्या देऊ.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. फोनवरच्या रेंजच्या काड्या पूर्ण आहेत म्हणजे नेट चांगलं, असं नसतं. काड्या सांगतात टॉवरचा आवाज आपल्यापर्यंत किती मोठा येतो. पण त्या टॉवरवर किती जण एकाच वेळी बोलतायत ते काड्या सांगत नाहीत. एस.टी. दारात उभी आहे, पण आत पाय ठेवायला जागा नाही, तसं. म्हणून सकाळी साडेसहाला भराभर चालणारं नेट रात्री साडेआठला रडायला लागतं. बाजाराच्या दिवशी तर विचारूच नका. पापडाचा स्टॉल लावणाऱ्या एका ताईंकडे गिऱ्हाईक सांगत होतं पैसे गेले, आणि ह्यांच्या फोनला मेसेज नाही. वीस मिनिटं दोघंही उभे. क्यूआर कोडसोबत जो बोलणारा डबा मिळतो ना, त्यातही सिमच असतं बरं का. तो मुका झाला की आधी रेंज बघा.

जागेचाही फरक पडतो. पत्र्याच्या घरात सिग्नल अडतो, जाड दगडी भिंतीतही अडतो. डोंगराच्या अलीकडे एका कंपनीचं चालतं आणि पलीकडच्या वाडीत त्याच कंपनीचं नाव काढायची सोय नाही. कंपन्यांनी कुठे टूजी, फोरजी, फाइव्हजी मिळतं त्याचे नकाशे आपल्या वेबसाईटवर टाकायचे, असा ट्रायचा नियम 2024 मध्ये झालाय, आणि ते नकाशे आता बघायला मिळतात. मुलांना सांगा, उघडून देतील. पण नकाशावर रंग भरलाय म्हणजे तुमच्या चुलीपाशी रेंज आहे, असं समजू नका.

म्हणून हे काम गटानेच करायचं. दहा-बारा जणी एका जागी बसतात, त्यांच्याकडे तीन-चार कंपन्यांची सिमं असतातच. यापेक्षा चांगली तपासणी कोण करणार? तीन वेळा मोजा: सकाळी, दुपारी बैठकीच्या वेळी आणि रात्री जेवणाच्या सुमाराला. जागाही तीन: घर, बैठकीची जागा, आणि जिथे तुमचा धंदा आहे ती, म्हणजे दुकान, शेळ्यांचा गोठा, बाजाराचा ओटा. इतिवृत्ताच्या वहीच्या मागच्या पानावर रेघा मारून लिहा: जागा, वेळ, कंपनी, डाऊनलोड, अपलोड. फोन वेगळे असले की आकडेही थोडे वेगळे येतात. म्हणून जमेल तिथे एकाच फोनमध्ये आलटून पालटून सिम घालून बघा. मात्र जिचं सिम आहे ती तिथेच समोर बसलेली पाहिजे. झालं की लगेच सिम परत. सिम रात्रभर दुसऱ्याकडे ठेवायचं नाही, मैत्रीण कितीही सख्खी असो. ओटीपी सिमवर येतो.

आकडे हातात आले की मगच पैशाकडे बघा. पॅकची किंमत दिवसांनी भागायची. 28 दिवसांचा पॅक म्हणजे वर्षात बारा नाही, तेरा रिचार्ज. महिनाभराचा एक पॅक ठेवायचा असं ट्रायने 2022 पासून कंपन्यांना घालून दिलंय, तो दुकानदाराला विचारा, तो स्वतःहून सांगत नाही. ज्या मावश्यांना नेट लागतच नाही, त्यांनी फक्त बोलणं आणि एसएमएस असलेला पॅक मागायचा. डिसेंबर 2024 च्या नियमाने असे पॅक द्यावेच लागतात.

आता पोर्ट. मेसेजमध्ये इंग्रजीत पोर्ट, एक जागा सोडून आपला नंबर, आणि पाठवायचं 1900 वर. पॅकमध्ये एसएमएस नसले तरी हा मेसेज जाऊ द्यायचा, असा कंपन्यांना आदेश आहे. उत्तरात आठ अक्षर-आकड्यांचा कोड येतो. आपल्याकडे तो चार दिवस चालतो. तो आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. राज्यातल्या राज्यात साधारण तीन कामाचे दिवस लागतात. जुन्या पॅकमधलं उरलेलं सगळं बुडतं, म्हणून पॅक संपत आला की करा. बदल होताना काही तास, बहुधा रात्रीचे, फोन बंद राहतो. त्या दिवशी बँकेचं काम किंवा ई-केवायसी काढू नका. नंबर तोच राहतो, म्हणून आधार, बँक, गॅस कुठेच काही बदलावं लागत नाही. नवीन नंबरच घेतला तर ह्या सगळ्या चकरा आल्या.

तो कोड फोनवर कोणालाही सांगायचा नाही. "तुमचं सिम फाइव्हजी करून देतो" म्हणून कोणी फोन केला तर ठेवून द्या. दुकानात अंगठा एकदा घेतल्यावर "लागला नाही, परत द्या" म्हटलं तर का नाही लागला ते विचारा. दुसऱ्या अंगठ्यावर तुमच्या नावाचं दुसरं सिम निघू शकतं. तुमच्या नावावर किती सिमं आहेत ते संचार साथी पोर्टलवर बघता येतं.

बैठकीत मी विचारलं होतं, हातातलं सिम कोणाकोणाच्या स्वतःच्या नावावर आहे? बऱ्याच जणी एकमेकींकडे बघायला लागल्या. कोणाचं मालकांच्या नावावर, कोणाचं दिराच्या, एकीचं तर लग्नाआधीच भावाच्या नावावर घेतलेलं. पोर्ट करायचं तर ज्याच्या नावावर सिम, त्यालाच जावं लागतं. सिम हरवलं तर दुसरं त्यालाच मिळतं. तुमच्या खात्याचा ओटीपी ज्या नंबरवर येतो, तो नंबर उद्या घरात बिनसलं तर तुमच्या हातात राहील का? हे कोणाच्या घरात भांडण लावायला म्हणत नाही. घरात सांगा, दोघं मिळून कागद घेऊन दुकानात जा, आधी आहे त्याच कंपनीत नाव बदलून घ्या आणि मग पोर्टचं बघा.

आणि कपाटात पडलेलं जुनं सिम खात्याला जोडलेलं असेल तर ते मरू देऊ नका. 90 दिवस काहीच वापर नसेल आणि शिल्लक 20 रुपयांच्या खाली असेल तर नंबर बंद होऊ शकतो. काही दिवसांनी तोच नंबर दुसऱ्या कोणाला मिळतो, आणि तुमचे बँकेचे मेसेज त्याच्या फोनवर जायला लागतात.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गटाने वहीचं ते पान घेऊन यायचं. फोन चार्ज करून आणा, त्या दिवसाचा डेटा शिल्लक ठेवा. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांनीही या, नाव कोणाचं ते बघायला स्मार्टफोन लागत नाही. ज्या वाडीत कोणाचंच नेट चालत नाही त्यांची यादी वेगळी करू, आणि ती आकड्यांसकट संघाच्या ठरावाला जोडून पाठवू.